शेंगेचा फोटो

"आत काय हाय ते देवाला ठावं आन् मला ठावं. तिसऱ्याला कशाला?"

चटणीत नेमकं काय घालता, असं कुणी विचारलं की आक्का एवढंच म्हणायच्या आणि उखळावर पदर धरायच्या. वास्तविक त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. सोलापुरात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण आक्कांच्या हातची शेंगाचटणी दुसऱ्या कुणाला जमत नाही, हेही सगळ्या साखर पेठेला ठाऊक होतं. बोटांत दाबली की तेल सुटायचं, आणि कडक भाकरी कधी संपली ते खाणाऱ्याला कळायचं नाही.

त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी पेठेतलं कुणी ओळखणार नाही. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना आक्काच म्हणायची.

मी तेव्हा पेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहिलं की समोर आक्कांचं दार, दारात उखळ, आणि उखळाशी बांगड्या वाजवत मुसळ चालवणाऱ्या आक्का. आत त्यांचे यजमान. ते मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर होते. आयुष्यभर सांच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. आक्का सबंध पेठेशी बोलायच्या आणि यजमान सबंध पेठेकडे बघून हसायचे. असा त्यांचा संसार होता आणि तो चांगला चालला होता.

त्या सुमारास आमच्या डॉक्टरांनी मुंबईहून एक्स-रेचं यंत्र आणलं. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. दिव्याचं बटण दाबायचं म्हटलं तरी लोक आधी हात पुसून घेत. यंत्र म्हणजे एक भलं मोठं लाकडी खोकं, वर काचेचा फुगा आणि छताखालून गेलेल्या जाड तारा. चालू केलं की मोहोळ उठल्यासारखा आवाज यायचा, मध्येच तडतडायचं, आणि खोलीभर एक विचित्र वास पसरायचा. डॉक्टरांना त्याचा कोण अभिमान. त्यांनी दारावर ठळक अक्षरांत पाटी रंगवून घेतली.

पाटी वाचायला लोक आले. फोटो काढायला चौकीतल्या हवालदाराखेरीज कुणी येईना. एक विडीवाला आला, यंत्राचा आवाज ऐकला आणि सदरा तिथंच टाकून पळाला. सदरा न्यायला त्यानं भावाला पाठवलं.

आता खरं सांगायचं तर लोकांच्या मनात ही भीती भरली होती आक्कांनीच. त्यांच्या दाराशी चटणी घ्यायला येणारी प्रत्येक बाई पुडीबरोबर एक बातमी घेऊन जायची. त्या बिजलीच्या फोटोत माणूस कपड्यांसकट नाहीसा होतो आणि नुसता सांगाडा उरतो. फोटो काढून झाल्यावर तो उजेड अंगातच राहतो आणि पुढं महिनोन्‌महिने पाझरतो. बाळंतिणीनं नुसतं त्या खोलीवरून गेलं तरी दूध नासतं. आणि पुरावा म्हणून त्या आमच्या चौकीतल्या हवालदाराचं उदाहरण द्यायच्या. त्यानं खांद्याचा फोटो काढला आणि आठ दिवसांत त्याची मिशी गेली.

हवालदाराची आई वारली होती, म्हणून त्यानं मिशी काढली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. तेराव्याला निम्मी पेठ जेवून आली होती. तरीही लोक हवालदाराकडे बघून मान हलवायचे.

मी एकदा आक्कांना समजवायला गेलो. माझ्या मनगटावर रेडियमचं घड्याळ होतं. त्यांच्या ओट्यावरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पोती रचलेली होती, तिथं मी बोलता बोलता हात टेकला. घड्याळाचे आकडे हिरवे चमकले.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "कंपोंडर, तुमचं पाझराया लागलं की."

त्यानंतर कित्येक दिवस लोक माझ्या हातून औषधाची बाटली घेताना ती पदरानं धरून घेत.

मग तो बकरीचा प्रकार झाला. शेजारी एक चाची राहायच्या, त्यांची बकरी. आक्कांनी ओट्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या आणि बकरीनं त्यात तोंड घातलं. आक्का मुसळ घेऊन तिच्यामागं धावल्या. बकरी ओट्यावरून उतरली, आक्का ओट्यावरून पडल्या, उजव्या हातावर.

मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं. आक्का आमच्याकडे न येता हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे गेल्या. त्यानं हात ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सगळं बसलं म्हणून सांगितलं. सूज उतरली तसं मनगट वाकडं दिसायला लागलं. बोटं मिटेनात. पाण्याचा तांब्या हातातून सुटायचा.

शेवटी आक्का पायरी चढून वर आल्या. डॉक्टरांनी हात तपासला. ते म्हणाले की हाड सरकलेलं असावं, पण किती आणि कुठं हे फोटोशिवाय सांगता येणार नाही. अंदाजानं ओढायचं तर मी ओढणार नाही. आणि वेळ घालवला तर हात असाच राहील.

आक्कांनी उजवा हात पदराखाली घेतला.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "मला भ्या न्हाय. माझ्या गिऱ्हाइकाला हाय. ह्या हातावर बिजली पडली म्हणल्यावर ह्या हातची चटणी कोण खाईल?"

डॉक्टर हसू लागले. मी हसलो नाही, कारण मी पेठेत राहत होतो. ही भीती आक्कांनी स्वतःच्या हातानं कांडून घरोघर पोचवली होती. आता ती परत घेणं त्यांना जमणार नव्हतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आक्का फोटो काढणार आहेत असं कळताच त्यांच्या दारात रांग लागली. लोक बरण्या घेऊन आले. फोटोच्या आधीची चटणी प्रत्येकाला भरून ठेवायची होती. वकीलसाहेबांच्या बाईंनी तर मोलकरणीबरोबर दोन डबे पाठवले आणि निरोप दिला की, आक्का, तुमच्यावर आमची माया आहे, फोटोनंतरही येत जा, पण चटणी आत्ताच द्या.

आता आक्कांचा हात बांधलेला. मुसळ धरलं यजमानांनी. त्यांना कानानं काही कळत नसलं तरी अंगात सांच्याचा ठेका भिनलेला होता. त्या ठेक्यात ते जे कांडायला लागले ते थांबेचनात. चटणी होऊन गेली, तिचं पीठ झालं, पिठाचा लगदा झाला. आक्का ओरडत होत्या आणि ते बायकोचं कौतुक ऐकत असल्यासारखे हसत होते. तो लगदासुद्धा लोकांनी नेला. वकिलीणबाईंनी त्याचं काय केलं ते कळलं नाही, पण त्यांच्या मोलकरणीनं तो भिंतीला लावून पाहिला आणि चांगला बसला म्हणून सांगितलं.

सिद्धेश्वराची जत्रा तोंडावर आली होती. आमच्याकडे तिला गड्डा म्हणतात. गड्ड्यावर आक्का दर साली चटणीचं दुकान लावत. त्या कमाईवर त्यांचं निम्मं वर्ष जायचं.

एका सकाळी दवाखान्यात कुणी नसताना त्या येऊन बाकावर बसल्या. डॉक्टर आले तेव्हा उठल्या नाहीत. डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून म्हणाल्या, "हात गेला तर आक्का ऱ्हात न्हाय, डाक्टर. नुसती एक म्हातारी ऱ्हाती."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. भीती नाही म्हणता, मग काय केलं म्हणजे गिऱ्हाइकाचं समाधान होईल, असं त्यांनी विचारलं.

आक्का तयारीनंच आल्या होत्या. त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला आणि टेबलावर मूठभर शेंगा ओतल्या.

"आदी ह्येंचा फोटो काढा."

डॉक्टर मुंबईत शिकले होते. तिथं त्यांनी माणसाच्या प्रत्येक हाडाचा फोटो काढला असेल, पण शेंगेचा काढायची वेळ आली नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शेंगांकडे. मग म्हणाले, "कंपाउंडर, प्लेट लावा."

आक्कांची अट होती की हे सगळं चारचौघांसमोर व्हायला हवं. दुपारपर्यंत दवाखान्याच्या अंगणात सगळी पेठ गोळा झाली. वकिलीणबाई छत्री उघडून आल्या. किरण आलेच बाहेर तर अंगावर पडू नयेत म्हणून. शेंगा फोटोच्या काचेच्या प्लेटवर मांडल्या. यंत्र घोंघावलं. बाहेर निम्मी गर्दी मागं सरली आणि वकिलीणबाईंनी छत्री पुढं धरली. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन प्लेट धुतली, वाळवली आणि बाहेर उन्हात धरली.

मंडळी, मी पुढं आयुष्यभर ते काम केलं. मोडलेली हाडं, गिळलेल्या टाचण्या, छातीचे डाग, काय काय पाहिलं. पण त्या प्लेटीसारखी सुंदर प्लेट पुन्हा हातून निघाली नाही. राखाडी टरफलांच्या आत दाणे झोपलेले दिसत होते. एका शेंगेत तीन, दोन-तीन शेंगांत जोड्या, आणि एक शेंग साफ रिकामी.

आक्कांनी ती रिकामी शेंग हुडकून काढली आणि डाव्या हातानं सगळ्यांसमोर फोडली. आत नुसती धूळ.

त्या प्लेटीकडे बघत राहिल्या. मग हळूच डॉक्टरांना म्हणाल्या, "पोत्याचा निघंल का वो?"

शेंगांचे व्यापारी पोत्यात फोल शेंगा घालून त्यांना इतकी वर्षं फसवत होते, ते सगळं त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं.

पण गर्दीचं समाधान झालं नव्हतं. दिसलं खरं, पण खाल्लं तर काय होईल? त्या शेंगा खायला कुणी पुढं येईना. तेव्हा आक्कांनी चाचींची बकरी मागवली. हाताचं हे सगळं त्या बकरीनं केलेलं आहे, तेव्हा आता तिनंच निस्तरायचं, असं त्यांचं म्हणणं. चाची तयार नव्हत्या. "मेरी बकरी कू कुछ हुआ तो तुमीच जिम्मेदार," असं त्यांनी सगळ्यांना साक्षी ठेवून बजावलं. बकरीला असल्या शंका नव्हत्या. तिनं फोटोतल्या शेंगा टरफलांसकट खाल्ल्या आणि प्लेटीचाही वास घेतला.

पुढचे काही दिवस सगळी पेठ बकरीकडे बघत होती. लोक कामाला जाताना वाट वाकडी करून तिची चौकशी करायचे. कुणी संध्याकाळी अंधार पडल्यावर ती चमकते का ते बघून जायचं. बकरी चमकली नाही. एका सकाळी ती पुन्हा आक्कांच्या ओट्यावर चढून शेंगांत तोंड घालताना सापडली, आणि पेठेनं सुटकेचा श्वास सोडला. तिला काही झालेलं नव्हतं. तिची अक्कलसुद्धा होती तशीच होती.

मग आक्का फोटोला बसल्या. डॉक्टरांनी हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. आक्का म्हणाल्या, "नवरा हाय की भाईर बसलेला. कशाला काढू?" डॉक्टरांनी वाद घातला नाही. बांगड्या कोपराकडे सरकवल्या, तरी एक खाली घसरलीच. यंत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. नंतर कळलं की त्या व्यापाऱ्याला शिव्या देत होत्या.

फोटोत हाड सरकलेलं स्वच्छ दिसलं. आणि त्याच्यावरून एक बारीक गोल रेघ गेलेली. यजमान प्लेटीजवळ आले, त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी बांगडीची खूण केली. यजमानांचा चेहरा उजळला. त्यांनी आधी प्लेटीकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

"म्हंजे ह्यो मी."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सबंध वाक्य मी तेवढंच ऐकलं. आक्का एकदम दुसरीकडे बघायला लागल्या.

डॉक्टरांनी भूल देऊन हाड नीट बसवलं, वर प्लॅस्टर घातलं. त्या गड्ड्याला आक्का दुकानात बसल्या खऱ्या, पण मुसळ चाचींच्या हाती होतं आणि आक्का शेजारून हुकूम सोडत होत्या. पुढच्या गड्ड्याला मुसळ पुन्हा त्यांच्या हाती आलं. मनगट थोडं तिरकं राहिलं. त्यामुळं चटणीला आणखी चव आली, असं पेठेत बोललं जायचं, आणि ही बातमी कुणी पसरवली हे मी सांगायला नको.

आता मात्र निराळीच आफत झाली. आक्का त्या यंत्राच्या भक्त झाल्या. कुणाचं पोट दुखो, कुणाला उचकी लागो, त्या धरून आमच्याकडे आणायच्या. भाचीला बघायला आलेल्या मुलाचासुद्धा त्यांनी फोटो काढायला लावायचं ठरवलं होतं. "काळीज हाय का नुसता फोल हाय, एकदा दिसू दे की." मुलगा पाहुणचार अर्धा टाकून गेला.

डॉक्टर नको म्हणाले की आक्कांना राग यायचा. आधी काढा काढा म्हणून मागं लागला होता, आता लोक आपण होऊन येतात तर नको कशाला?

एक दिवस डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. नखं खडबडीत झालेली, बोटांची कातडी सुकून भेगाळलेली. मुंबईत शिकताना आणि नंतरही, यंत्र नीट चालतंय का हे पाहायला ते रोज सकाळी स्वतःचा हात किरणांत धरत असत. सगळेच धरत असत. ते म्हणाले, "तुमचा एकदा झाला, गरज होती म्हणून. त्यानं काही बिघडत नाही. माझं रोजचं आहे. म्हणून उगीच कुणाचा काढायचा नाही."

आक्कांनी तो हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवून बघितला. मला वाटलं, आता त्या म्हणणार, मी सांगत नव्हते? त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं, "रात्री आग हुती का?"

डॉक्टर म्हणाले, होते कधी कधी.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दवाखाना उघडायच्या वेळेला आक्का एक शेंग घेऊन यायच्या. ती माझ्या हातात द्यायच्या आणि डॉक्टरांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "मशीन बघायचं तर हिच्यावर बघा. त्यो हात खिशात ऱ्हाऊ दे." डॉक्टर पहिले काही दिवस हसले. मग ते खरंच तसं करू लागले.

आणि त्याच आक्कांनी पुढं एक नवं काम अंगावर घेतलं. बायका फोटोला यायच्या, पण यंत्राच्या आवाजानं थरथरायच्या. हललं की फोटो बिघडतो. आत बसायला डॉक्टरांनी आक्कांना बंदी केली होती, त्यामुळं त्या दाराबाहेर स्टुलावर बसायच्या आणि दारातून आत बोलत राहायच्या. बोलायच्या कशावर, तर चटणीवर. दाणे कसे भाजायचे, टरफल कधी काढायचं, लसूण सोललेला की न सोललेला. जी गोष्ट त्यांनी जन्मभर उखळावर पदर धरून झाकली, ती त्या दारापलीकडच्या भेदरलेल्या बायांना बयाजवार सांगायच्या. आतली बाई ऐकता ऐकता शांत व्हायची. फोटो स्वच्छ यायचा. लांबलांबून बायका यायच्या, बार्शीकडून यायच्या, आणि पायरीवरच विचारायच्या, त्या बोलणाऱ्या बाई आहेत ना?

यजमानांचं मिलमधलं काम सुटलं तसे ते दोघे नातेपुत्याला यजमानांच्या भावाकडे राहायला गेले. जाताना आक्कांनी मला एक बरणी दिली आणि डॉक्टरांकडे लक्ष ठेवा म्हणून बजावलं. पुढच्या साली उन्हाळ्यात यजमान एकटेच आले. दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले, नेहमीसारखे माझ्याकडे बघून हसले आणि मग हसता हसता त्यांना ते जमेना. आक्का गेल्या होत्या. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बार्शीकडची एक बाई आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. आक्का कुठं आहेत म्हणाली. मी सांगितलं. तिला टेबलावर निजवलं, पण यंत्राचा आवाज सुरू होताच ती थरथरायला लागली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर आलो, दार लोटलं आणि स्टुलावर बसलो. मग घसा साफ केला आणि म्हणालो, "हे बघा बाई, चटणी करायची तर आधी उखळात लसूण आणि दाणे घालून चांगले कांडून घ्यायचे. मग तिखट, मीठ…"

आत शांतता पसरली. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात आतून त्या बाईचा खणखणीत आवाज आला. "अवो, आन् दाणं भाजायचं कुणी?"

यंत्र थांबलं. डॉक्टरांनी दार उघडलं. प्लेट फुकट गेली होती; बाई विचारता विचारता कोपरावर उठली होती. डॉक्टर रागावतील असं वाटलं. ते दारात उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणखी एक प्लेट लावतो," ते म्हणाले. "कंपाउंडर, तुम्ही पहिल्यापासून सांगा. आणि दाणे नीट भाजा."

मी स्टूल पुढं ओढलं आणि दाणे भाजायला घेतले.